पॅड पोहोचले, पाणी कधी पोहोचणार?

शाळांचे नवे वर्ष सुरू झाले की ग्रामीण भागाकडे मदतीचा ओघ वळतो. वह्या, दप्तरे, गणवेश यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत सॅनिटरी पॅडची पाकिटेही वाटली जाऊ लागली आहेत. गावातून शहरात गेलेले माजी विद्यार्थी, महिला मंडळे, सेवाभावी क्लब, कंपन्यांचे सामाजिक निधी असे अनेक हात त्यामागे आहेत. ज्या विषयावर घरातही दबक्या आवाजात बोलले जात असे, त्यासाठी लोक उघडपणे पैसे देऊ लागले, हे स्वागतार्हच आहे. मात्र या देणगीमुळे सातवी-आठवीतल्या मुलीच्या शाळेतल्या दिवसात काय बदलते, हे समजून घ्यायचे तर पाकीट थोडे बाजूला ठेवून आधी तो दिवस पाहावा लागेल.

समजा, एखाद्या वाडीवरची मुलगी एसटीने तालुक्याजवळच्या माध्यमिक शाळेत जाते. साडेआठला ती घर सोडते, शाळा साडेदहाला भरते, पाचला सुटते आणि परतीची गाडी तिला साडेसहाच्या सुमारास घरी पोहोचवते. म्हणजे दहा तास ती घराबाहेर असते. पॅड किंवा कापडाची घडी साधारण चार ते सहा तासांनी बदलावी, असे डॉक्टर सांगतात. रक्तस्राव जास्त असेल तर त्याहून लवकर. याचा अर्थ, दिवसभरात किमान एकदा तरी तिला शाळेतच घडी बदलावी लागणार. त्यासाठी आतून कडी लागणारे दार हवे, दप्तर किंवा ओढणी अडकवायला खुंटी हवी, हात धुवायला पाणी आणि साबण हवा, आणि वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा हवा. यातले काहीच नसेल, तर दप्तरातले पॅड दप्तरातच राहते. मुलगी सकाळची घडी संध्याकाळपर्यंत वागवते, दिवसभर पाणी पीत नाही, किंवा मधल्या सुट्टीत पोट दुखते असे सांगून घरी जाते.

दुसरा हिशेब पाकिटाचा. पाळीचे पाच दिवस आणि दिवसाला चार पॅड धरले तर महिन्याला वीस लागतात. वाटपात येणाऱ्या पाकिटात बहुधा सहा किंवा आठ पॅड असतात. म्हणजे एक पाकीट दोन दिवस पुरते. तिसऱ्या दिवसापासून मुलगी पुन्हा जुन्या साडीच्या किंवा परकराच्या तुकड्याकडे वळते, आणि पुढच्या महिन्यात तर पहिल्या दिवसापासूनच. वर्षातून एकदा, महिला दिनी किंवा मे महिन्यातल्या जागतिक मासिक पाळी स्वच्छता दिनी झालेले वाटप वर्षभरातल्या साठ-पासष्ट दिवसांपैकी दोन दिवसांची सोय करते.

तरीही पॅडच्या बाबतीत परिस्थिती पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे, हे नोंदवले पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते २४ वयोगटातल्या ७७ टक्के मुली आणि तरुणी पाळीत स्वच्छ साधने वापरत होत्या. आधीच्या पाहणीत हेच प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास होते. ग्रामीण भागाचा आकडा ७२ टक्के, शहरी भागाचा ८९ टक्के. मात्र याच पाहणीत निम्म्या जणींनी कापड वापरत असल्याचेही सांगितले आहे. याचा अर्थ उघड आहे. पैसे असतील तेव्हा पॅड, नसतील तेव्हा कापड. बाहेर जायचे असेल तर पॅड, घरी असेल तर कापड, अशी सांगड घराघरांत घातली जाते.

ही सुधारणा होण्यात सरकारी योजनांचा वाटा आहे. २०११ मध्ये केंद्राने ग्रामीण किशोरींसाठी सहा रुपयांत सहा पॅड देण्याची योजना आणली आणि ती आशाताईंच्या हाती सोपवली. वस्तू व सेवा करात सुरुवातीला पॅडवर १२ टक्के कर होता. देशभर आवाज उठल्यावर जुलै २०१८ मध्ये तो रद्द झाला. जनऔषधी केंद्रांत ऑगस्ट २०१९ पासून पॅड एक रुपयाला मिळू लागले. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये सुरू झालेल्या अस्मिता योजनेने जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत देऊ केले आणि विक्रीचे काम बचत गटांकडे दिले. यातली किमतीची बाजू बऱ्याच अंशी सुटली. अडचण राहिली ती सातत्याची. जनऔषधी केंद्र तालुक्याला असते, मुलगी वाडीवर असते आणि पाळी तारीख पाहून येत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. देणगीच्या आवाहनांत एक विधान हमखास असते: पॅड मिळाले नाहीत म्हणून मुली शाळा सोडतात. हे पटण्याजोगे वाटते, परंतु ते तपासायला गेलेल्या अभ्यासकांना काहीसे वेगळे चित्र दिसले. एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन या दोन अर्थतज्ज्ञांनी नेपाळमधल्या चितवनमध्ये काही मुलींना चिठ्ठ्या टाकून मासिक पाळीचे कप दिले आणि शाळेतली हजेरी नोंदवली. पाळीमुळे बुडणारी शाळा वर्षाला अर्ध्या दिवसापेक्षाही कमी निघाली आणि कप मिळालेल्या मुलींची हजेरी त्यामुळे वाढली नाही. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा अनेकांना धक्का बसला. मुलींना कप आवडले होते, कापड धुण्याचा त्यांचा वेळ वाचला होता. फक्त हजेरीचा आकडा हलला नव्हता.

एका जिल्ह्यातल्या दोनशेच्या आत मुलींवरून सगळ्या ग्रामीण भागाचा निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. भारतातल्या किशोरींविषयीच्या १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात सुमारे चौथाई मुलींनी पाळीच्या दिवसांत शाळेत जात नसल्याचे सांगितले होते. दोन आकड्यांत एवढी तफावत का? एक कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. ‘पाळीत शाळा बुडते का’ असे विचारले की पूर्वी एकदा बुडाली असली तरी उत्तर ‘हो’ येते. हजेरीपटावरून मोजले की दर महिन्याचा हिशेब निघतो. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर एवढे म्हणता येते की पाळीच्या दिवसांत मुलींची अडचण खरी आहे, पण केवळ पॅड हाती दिल्याने ती सुटते, असे मानायला आधार अपुरा आहे.

हजेरी बुडण्याचे मुलींनी स्वतः सांगितलेले एक मोठे कारण आपल्या चर्चेत फारसे येत नाही. ते आहे वेदना. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात आणि अस्तर बाहेर टाकले जाते. रसायनांचे प्रमाण जास्त असले की आकुंचन तीव्र होते आणि ओटीपोट, कंबर, मांड्या दुखतात. कुणाला मळमळते, कुणाला चक्कर येते. साध्या वेदनाशामक गोळ्या या रसायनांचीच निर्मिती कमी करतात, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेत घेतल्या तर गुण येतो. गरम पाण्याच्या पिशवीनेही आराम पडतो. शहरातल्या मुलीला हे दोन्ही घरात मिळते. गावातल्या मुलीला ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ एवढेच ऐकायला मिळते. शाळेत एक खाट, एक गरम पाण्याची पिशवी आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेली औषधपेटी ठेवायला फार पैसे लागत नाहीत. कुठल्याही वाटपाच्या यादीत मात्र ती नसते.

वेदनेला जोडूनच रक्तक्षयाचा प्रश्न येतो. पाचव्या पाहणीत १५ ते १९ वयाच्या देशातल्या ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. ज्या मुलीच्या अंगात आधीच रक्त कमी आहे, तिला दर महिन्याचा जास्त रक्तस्राव अधिक थकवतो. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देण्याची योजना आहे, पण उपाशीपोटी घेतली तर मळमळते, म्हणून मुली ती टाळतात. जेवणानंतर स्वतःच्या डोळ्यांसमोर गोळी घ्यायला लावणारी एखादी शिक्षिका शाळेत असली, की मोठा फरक पडतो.

स्वच्छतागृहांच्या बाबतीत पुरावा अधिक ठाम आहे. देशातल्या शाळांत २००३ पासून झालेल्या शौचालय बांधणीचा अभ्यास अंजली अडुकिया यांनी केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान मुलामुलींना कोणतेही शौचालय उपयोगी ठरले आणि पटनोंदणी वाढली. वयात आलेल्या मुलींच्या बाबतीत मात्र मुलींसाठी स्वतंत्र शौचालय असेल तरच मुलग्यांच्या तुलनेतली तफावत कमी झाली. परीक्षेतल्या गुणांवर परिणाम दिसला नाही. म्हणजे आडोसा मिळाला की मुलगी शाळेत टिकते. पुढे ती काय शिकते, तो वेगळा प्रश्न उरतोच.

स्वतंत्र स्वच्छतागृहाची अट २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. २०१४-१५ मध्ये स्वच्छ विद्यालय अभियानात एका वर्षात चार लाखांहून अधिक शौचालये बांधली वा दुरुस्त केली गेल्याचे सरकारने जाहीर केले. त्यातली १ लाख ४० हजारांहून अधिक सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांनी उभारली आणि बराचसा खर्च सामाजिक दायित्व निधीतून, म्हणजे नफ्यातून समाजकार्यासाठी बाजूला काढायच्या पैशांतून केला. या कामाची देशाच्या महालेखापरीक्षकांनी केलेली तपासणी सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत मांडली गेली. १५ राज्यांत प्रत्यक्ष पाहिलेल्या स्वच्छतागृहांपैकी ७२ टक्क्यांत आत वाहते पाणी नव्हते. पाहिलेल्या १,९६७ सहशिक्षण शाळांपैकी ९९ शाळांत एकही स्वच्छतागृह चालू नव्हते आणि ४३६ शाळांत एकच चालू होते. शाळेच्या परिसरात दान कसे वाया जाते, याचा एवढा तपशीलवार सरकारी दस्तऐवज दुसरा क्वचितच असेल. पैसा कमी पडला नव्हता. खोली बांधली, रंगवली, फलक लावला. पुढे पाण्याकडे आणि सफाईकडे मात्र लक्ष दिले गेले नाही.

हे असे का होते, ते शाळेच्या जमाखर्चात दिसते. समग्र शिक्षा योजनेतून ३१ ते १०० पटाच्या सरकारी शाळेला वर्षाला २५ हजार रुपयांचे संयुक्त अनुदान धरलेले आहे. वीजबिल, खडू, फळा, किरकोळ दुरुस्ती सगळे त्यातच. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करावा, असा नियम आहे. म्हणजे २,५०० रुपये. शाळेचे २२० दिवस धरले तर दिवसाला अकरा-बारा रुपये पडतात. एवढ्यात फिनेल, झाडू, साबण आणि सफाई करणाऱ्या माणसाची मजुरी बसवायची. बहुतेक प्राथमिक शाळांत शिपाई नसतो. मग मुख्याध्यापक पदरचे पैसे घालतात, नाहीतर मुलांकडून सफाई करून घेतात, आणि तेही जमले नाही तर स्वच्छतागृहाला कुलूप लावतात.

कुलूप लागण्याचे आणखी एक कारण खुद्द पॅडमध्ये आहे. बाजारातल्या नेहमीच्या पॅडचा खालचा थर प्लॅस्टिकचा असतो, आत लाकडाचा लगदा आणि पाणी शोषून फुगणारी पावडर असते. ते कुजत नाही आणि पाण्याने फुगते. डबा नसला की मुली वापरलेले पॅड शौचालयाच्या भांड्यात टाकतात किंवा खिडकीतून मागे फेकतात. दोन-चार पॅडने नळी तुंबते. ती काढायला माणूस मिळत नाही, दुर्गंधी सुटते आणि दार बंद होते. अशा प्रकारे पॅडचे वाटप वाढले आणि डब्याची सोय झाली नाही, तर वाटपानेच स्वच्छतागृह बंद पडते. काही दाते यावर उपाय म्हणून विजेवर चालणारी छोटी जाळयंत्रे भेट देतात. पुरेशा तापमानाला, म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या वर न जळलेल्या प्लॅस्टिकमधून विषारी वायू निघतात. खंडित वीजपुरवठ्याच्या गावात ते यंत्र धुमसत राहते आणि काही महिन्यांत मोडीत निघते. पुण्यातल्या कचरावेचक कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २०१७ मध्ये घरोघरी वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली. ती शहरातली होती, पण तिच्यातून एक गोष्ट गावानेही घेण्यासारखी आहे. जो माणूस हा कचरा हाताने उचलणार, त्याचा विचार वापरणाऱ्याच्या मनात आधी आला पाहिजे.

म्हणूनच कापडाच्या घडीला सरसकट अस्वच्छ ठरवणे घाईचे होईल. स्वच्छ धुतलेले, कडक उन्हात वाळवलेले सुती कापड वापरायला हरकत नाही. घोटाळा होतो तो वाळवण्यात. कुणाला दिसू नये म्हणून मुली घडी दुसऱ्या कपड्याखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात, कधी पत्र्याच्या फटीत वाळत घालतात. कोकणात, मावळात पावसाळ्याचे चार महिने ती धड वाळतच नाही, आणि ओलसर कापडाने खाज, पुरळ, जंतुसंसर्ग होतो. ‘गूंज’ या संस्थेने जुन्या सुती कपड्यांपासून पॅड बनवण्याचे काम देशभर नेले. पुण्याच्या ‘समाजबंध’ने जुन्या कपड्यांतून कापडी पॅड शिवून आदिवासी पाड्यांवर पोहोचवले आणि त्यासोबत बायकांशी, मुलींशी संवादही केला. मासिक पाळीचा सिलिकॉनचा कप काही वर्षे टिकतो, पण तो उकळून घ्यावा लागतो आणि वापरायला शिकावा लागतो. शाळकरी मुलीच्या हाती तो नुसता देऊन भागत नाही. कोणते साधन चांगले, हे दात्याने ठरवण्यापेक्षा पाणी, ऊन, एकांत आणि कचऱ्याची सोय पाहून त्या मुलींनी ठरवावे, हे अधिक शहाणपणाचे आहे.

माहितीचा अभाव हा यातला सर्वांत स्वस्त सुटणारा भाग आहे आणि तोच सर्वाधिक रेंगाळला आहे. वर उल्लेखलेल्या २०१६ च्या आढाव्यात जेमतेम निम्म्या मुलींना पहिली पाळी येण्याआधी तिच्याविषयी काही ठाऊक होते. बाकीच्यांनी पहिल्यांदा रक्त पाहिले तेव्हा आपल्याला काहीतरी लागले आहे किंवा मोठा आजार झाला आहे, असेच त्यांना वाटले असणार. आपल्या राज्यातल्या पाठ्यपुस्तकात ऋतुचक्राची सविस्तर माहिती दहावीच्या विज्ञानात येते. मुलींना पाळी येते ती साधारण सहावी ते आठवीच्या वयात. म्हणजे पुस्तक दोन ते चार वर्षे उशिरा पोहोचते. मधल्या काळात मुलगी जे शिकते ते घरातल्या शब्दांतून: कावळा शिवला, बाजूला बस, लोणच्याला हात लावू नको, देवघरात जाऊ नको. आई हे मुद्दाम वाईट म्हणून सांगत नाही. तिला जे सांगितले गेले तेच ती पुढे देते. त्यामुळे प्रबोधनाच्या सत्रात आयांना बोलावले नाही, तर मुलीला शाळेत एक आणि घरी दुसरेच ऐकावे लागते. मुलग्यांना वर्गाबाहेर काढून घेतलेले सत्रही अर्धेच राहते. डाग पडला की हसणारे तेच असतात, आणि त्या हसण्याला मुली वेदनेइतक्याच घाबरतात.

मोठ्यांचे अज्ञान किती टोकाला जाऊ शकते, हे जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरमध्ये दिसले. एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले म्हणून कुणाला पाळी आली आहे, हे पाहण्यासाठी मुलींना कपडे उतरवायला लावल्याचा प्रकार उघडकीस आला. पालकांनी आंदोलन केले, गुन्हा नोंदवला गेला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरची ती शाळा होती. स्वच्छतागृह होते, पॅड विकत घेण्याची ऐपतही बहुतेक घरांत असावी. तिथल्या मुलींना गरज होती ती डाग दिसल्यावर फरशी धुऊन घेणाऱ्या आणि ‘कुणाला काही हवे आहे का’ असे हळूच विचारणाऱ्या मोठ्या माणसाची. मुलींच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असावी, असा शासन निर्णय २०२२ मध्येच निघालेला आहे. ती कागदावर आहे की महिन्यातून एकदा बसते, हे पाहण्यासाठी पैसा लागत नाही.

रूढीशी गाठ पडते तिथे दात्याची कसोटी लागते. गडचिरोलीतल्या माडिया समाजात पाळीच्या दिवसांत बाईने कुर्माघरात, म्हणजे वस्तीच्या कडेच्या झोपडीत राहायचे असते. गळकी, दार नसलेली ही झोपडी साप-विंचवांपासून किंवा थंडीपासून संरक्षण देत नाही. मुंबईच्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशनने काही गावांत अशा झोपड्यांच्या जागी न्हाणीघर, शौचालय, खाटा असलेली पक्की घरे बांधायला सुरुवात केली तेव्हा, याने प्रथा पक्की होईल, अशी टीका झाली. टीकेत तथ्य आहे. तरीही यंदाच्या पावसाळ्यात ज्या मुलीला पाच रात्री तिथे काढायच्याच आहेत, तिला कोरडी जमीन आणि बंद होणारे दार नाकारण्याचा अधिकार बाहेरच्या कुणालाही नाही, असे आम्हाला वाटते. प्रथा मोडण्याचे काम त्या समाजातल्या शिकलेल्या मुलीच करतील, आणि त्यासाठी त्या सुखरूप राहायला हव्यात.

एवढे सगळे झाले तरी मुली शाळा सोडण्याची मोठी कारणे पाळीच्या पलीकडे असतात. गावातली शाळा चौथीला किंवा सातवीला संपते आणि पुढची शाळा पाच-सात किलोमीटरवर असते. रस्ता सुनसान असतो. मुलगी ‘शहाणी’ झाली की घराला तिच्या लग्नाची काळजी लागते. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते, असे पाचव्या पाहणीत आढळले. बीडसारख्या जिल्ह्यात याला ऊसतोडीचे गणित जोडलेले आहे. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. जोडी झाली की उचल मिळते, म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्ने उरकली जातात. पुढे त्याच मुलीला कारखान्याच्या खोपीत राहून, पाण्याची आणि आडोशाची सोय नसताना, पाळीतही ऊस वाहावा लागतो. एक दिवस चुकला तर खाडा धरून पैसे कापले जातात. या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होत असल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. शाळेतल्या पॅडचा प्रश्न आणि उसाच्या फडातला हा प्रश्न वेगवेगळे नाहीत. पहिल्यात दुर्लक्षित राहिलेली मुलगी पुढे दुसऱ्यात सापडते.

अंतराच्या प्रश्नावर सरकारने पूर्वीच काही चांगले निर्णय घेतले आहेत. ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास आहे. मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या धावतात, दूरवरून येणाऱ्या मुलींना सायकली मिळतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. यातली प्रत्येक गोष्ट वेळेवर पोहोचली तर एका मुलीचे एक वर्ष वाचते. सर्वोच्च न्यायालयानेही जया ठाकूर यांच्या याचिकेवर एप्रिल २०२३ मध्ये शाळकरी मुलींच्या मासिक पाळी स्वच्छतेसाठी देशभर एकसमान धोरण ठरवण्याचे निर्देश केंद्राला दिले. त्यामुळे पॅड आणि स्वच्छतागृह पुरवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, यावर आता वाद उरलेला नाही.

मग दानाला जागा कुठे? आमचे मत असे की सरकारी यंत्रणा जिथे सवयीने कमी पडते, तिथे: देखभालीत. टाकी बसवायला निधी मिळतो, मोटार जळाली की ती दुरुस्त करायला मिळत नाही. स्वच्छतागृह बांधायला निधी मिळतो, ते रोज धुवायला मिळत नाही. प्रशिक्षण एकदा होते, पुढच्या वर्षी बदलून आलेल्या शिक्षिकेचे होत नाही. समजा, गावातल्याच एखाद्या व्यक्तीला महिना अडीच हजार रुपये देऊन रोज तासभर सफाईचे काम दिले, तर शाळेच्या दहा महिन्यांचा खर्च २५ हजार होतो. अनेक वाटप कार्यक्रमांत मंडप, पाहुणे, हार आणि छपाई यांवर याहून कमी खर्च होत नाही. फरक एवढाच की सफाईच्या खर्चाचे उद्घाटन करता येत नाही.

उद्घाटनाचा विषय निघाला म्हणून छायाचित्रांविषयीही बोलले पाहिजे. हातात पॅडची पाकिटे देऊन रांगेत उभ्या केलेल्या शाळकरी मुलींचे फोटो वर्तमानपत्रांत, अहवालांत, मोबाइलवर सर्रास फिरतात. त्या अल्पवयीन आहेत आणि त्यांच्या शरीराशी निगडित गोष्टीसाठी त्यांना कॅमेऱ्यासमोर उभे केले जाते. त्यांना कुणी विचारलेले नसते, विचारले तरी त्या नाही म्हणू शकत नाहीत. पुराव्यासाठी फोटो हवाच असेल तर भरलेल्या टाकीचा घ्यावा, खरेदीच्या पावत्या जोडाव्यात, वर्षअखेर मुलींकडून नाव न लिहिता चार ओळी मागवाव्यात. वर्तमानपत्रांनीही असे फोटो छापणे थांबवावे.

देणाऱ्यांना आमची विनंती आहे. यंदा पाकिटांची मागणी नोंदवण्याआधी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा. मुलींच्या स्वच्छतागृहात आज पाणी आहे का, दाराला आतून कडी आहे का, ते कोण आणि कितीदा धुते, एवढे विचारा. शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेशीही बोला. तिला ठाऊक असलेल्या गोष्टी कार्यालयातल्या अर्जात लिहिलेल्या नसतात. उत्तरे समाधानकारक असतील तर पॅड जरूर द्या, महिन्याला वीसच्या हिशेबाने आणि पूर्ण वर्षाचे द्या. नसतील, तर तुमचे पहिले पैसे पाणी, कडी आणि सफाई यांवर खर्च होऊ द्या, आणि ते एका वर्षापुरते न देता निदान तीन वर्षांसाठी बांधून द्या.